ताकदीच्या गोळ्या आणि भूपालअण्णांची जीभ

भूपालअण्णा शेट्यांना एका सकाळी चहा झोंबला.

भाजला नव्हे, झोंबला. भाजण्यात घाई असते, ती आपली आपल्याला कळते. झोंबणं हे मिरचीचं काम, आणि चहात मिरची असायचं कारण नव्हतं. अण्णांनी कप खाली ठेवला आणि स्वयंपाकघराकडं बघून विचारलं, "अगं, चहात आज काय घातलंस?"

"चहा घातला," अंजनाबाई आतून म्हणाल्या. "रोज तोच घालते."

अण्णा उठून बेसिनच्या आरशासमोर गेले आणि त्यांनी जीभ बाहेर काढली. पन्नाशी उलटल्यावर माणूस सहसा स्वतःची जीभ बघत नाही. लोकांचीच बघण्यात आयुष्य गेलेलं असतं. टोकाला आणि दोन्ही कडांना बारीक लाल पुटकुळ्या उठल्या होत्या, राजगिऱ्याच्या वडीवर दाणे दिसतात तशा. बोट लावलं तर डोळ्यात पाणी आलं.

"उष्णता," अण्णांनी आरशाला सांगितलं, आणि रोजच्याप्रमाणं आपल्या गोळ्या घ्यायला बसले.

या गोळ्यांचं मूळ बाहुबलीच्या डोंगरावर होतं. मागच्या खेपेला सहकुटुंब दर्शनाला गेले असताना अण्णा अर्ध्या पायऱ्यांवर धापा टाकत बसले. तेवढ्यात पाठीला बाक आलेली एक म्हातारी अव्वा काठी टेकत त्यांच्या पुढं गेली आणि जाताजाता म्हणाली, "बस बाळा, बस. घाई न्हाई." अण्णा एका सहकारी बँकेचे शाखाधिकारी होते. शाखाधिकाऱ्याला आजवर कर्जदारांनी बरंच काही म्हटलं होतं, पण बाळा कुणी म्हटलं नव्हतं. त्याच दिवशी अण्णांनी ठरवलं, ताकद कमवायची.

आणि कोल्हापुरात एखाद्यानं ताकद कमवायचं ठरवलं की सगळं गाव मदतीला येतं. सानेगुरुजी वसाहतीतल्या त्यांच्याच अपार्टमेंटमध्ये खाली राहणारा पृथ्वीराज व्यायामशाळा चालवायचा. त्यानं लहान मूल आत बसेल एवढा मोठा पावडरचा डबा आणून दिला. "काका, नाद खुळा डबा हाय. दोन चमचे दुधातनं मारायचं, बास!" पावडरीला दालचिनीचा वास होता. पुण्याला औषध कंपनीत असलेली पुतणी मोना, तिनं कौतुकानं सर्व जीवनसत्त्वांची एक बाटली पाठवली. बँकेतला कॅशियर अमरसिंह फावल्या वेळात आरोग्याच्या वस्तू विकायचा. त्यानं डोळ्यांसाठी एक, हाडांसाठी एक, रक्तासाठी एक अशा डब्या दिल्या आणि वर आंबट-गोड संत्र्याच्या गोळ्या. त्या मात्र गिळायच्या नाहीत, चघळायच्या. सगळ्या डब्यांवर हिरवा ठिपका आहे ना एवढं अण्णांनी भिंग लावून तपासलं. पाठीमागं काय लिहिलंय ते वाचलं नाही, कारण ते अक्षर बँकेच्या नियमावलीपेक्षाही बारीक होतं.

अण्णा हा मुळात शिस्तीचा माणूस. एक खाडा नाही. संत्र्याची गोळी तर त्यांना इतकी आवडली, की टेबलाशी बसल्यापासून उठेपर्यंत गालात एक असायचीच. सही करताना ती उजव्या गालात असे, नकार देताना डाव्या.

तर अशी ती ताकद आता जिभेवर उगवली होती.

पहिली बेइज्जती झाली ती मिसळीच्या हॉटेलात. घरी कांदा-लसूण चालत नसे, पण मिसळीतला कांदा हा बाहेरचा असल्यामुळं त्याची जबाबदारी हॉटेलवाल्यावर, अशी अण्णांची जुनी तडजोड होती. बँकेतली मंडळी बसली. पहिला घास तोंडात गेला आणि अण्णांच्या कानातनं वाफ निघाल्यासारखं झालं. तरीही ते हसले. दुसऱ्या घासाला हसू आलं नाही. शेवटी त्यांनी वेटरला जवळ बोलावून, जणू कर्जमाफीच मागतोय अशा आवाजात सांगितलं, "जरा... कट नको. नुसती मटकी दे. वर दही घाल."

वेटरनं भटारखान्याकडं तोंड करून आरोळी ठोकली, "एक पेशंट मिसळ!"

सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी गृहस्थांनी आपुलकीनं विचारलं, "पावणं, पुण्याचं काय?"

हा घाव अण्णांच्या वर्मी बसला.

घरी अंजनाबाईंनी साजूक तूप लावलं. शेजारच्या झुंबरबाई वाटी परत द्यायला आल्या होत्या, त्यांनी चष्मा लावून जीभ पाहिली आणि निदान केलं. "भाऊजी, राग मानू नगासा. माझी सासू म्हनायची, खोटं बोलल्याबिगार जिभंला पुटकुळी येत न्हाय."

"मी कशाला खोटं बोलू?" अण्णा म्हणाले.

"आता ते तुमचं तुमाला ठावं," असं म्हणून झुंबरबाईंनी अंजनाबाईंकडं बघितलं. अंजनाबाईंनी अण्णांकडं बघितलं. तीस वर्षांच्या संसारात माणूस बारीकसारीक काय काय बोललेला असतो, ते सगळं त्या क्षणी अण्णांच्या डोळ्यांपुढून सरकून गेलं आणि विनाकारण त्यांचा चेहरा पडला.

निदान कसंही असो, उपाय झुंबरबाईंनी मनापासून सांगितला. जाईची पानं चावायची. जाईचा वेल अपार्टमेंटच्या फाटकावरच होता. अण्णा पहाटे फिरायला जाताना चार पानं तोडायचे, येताना चार. वेल खालून बोडका दिसायला लागला, तेव्हा सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली, "वेलीस शेळी लागत आहे. फाटक बंद ठेवावे." अण्णा स्वतः सोसायटीचे खजिनदार होते. त्या सूचनेखाली त्यांनी गंभीर चेहऱ्यानं सही केली.

पण खरी पंचाईत बोलण्याची झाली. जीभ दाताला टेकली की कळ यायची, त्यामुळं त, थ, द, ध, न या सगळ्या कुटुंबाशी अण्णांचा व्यवहार बंद पडला. बँकेच्या माणसाला या अक्षरांवाचून जगणं कठीण. तारण, थकीत, दंड, धनादेश, नूतनीकरण, अख्खी बँक या पाच अक्षरांवर उभी आहे. एका कर्जदाराला अण्णांनी सांगितलं, "कुमचं खाकं हकीक आहे."

"हकीक?" कर्जदाराचा चेहरा उजळला. "नवीन योजना हाय व्हय साहेब? त्यातच राहू द्या की मग!"

तोंड मिटून बोलणारा, गालात काहीतरी घोळवणारा, जीभ लाल झालेला माणूस कोल्हापुरात लोकांनी पाहिला की ते दुसरा कुठलाच निष्कर्ष काढत नाहीत. आठवड्याभरात बातमी पसरली. शेटेसाहेब मावा खायला लागले. ज्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं होतात, त्या घरातल्या माणसानं तंबाखू धरली. झुंबरबाईंनी ही बातमी अंजनाबाईंना हळुवारपणे, म्हणजे जिन्यातनं ओरडून सांगितली. त्या संध्याकाळी अण्णा घरात शिरले, तेव्हा अंजनाबाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेण्याच्या निमित्तानं त्यांचा वास घेतला.

"काय गं हे?"

"काही नाही. संत्र्याचा वास येतोय."

"तुझ्या मते गुलाबाचा यायला पाहिजे?" अण्णा म्हणाले. प्रत्यक्षात ते "गुलाबाचा यायला पाहिजे" एवढंच म्हणू शकले, त्यामुळं अर्थ थोडा बदलला.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण त्याच महिन्यात आदितीचं ठरत होतं. आदिती ही अण्णांची एकुलती एक मुलगी, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मुलगा जिनेंद्र, कुरुंदवाडचा, शिरोलीच्या कारखान्यात इंजिनिअर. दोघं एकमेकांना भेटली होती, आवडली होती, आणि आदितीच्या चेहऱ्यावर गेले काही दिवस असं काही तेज होतं की अण्णा तिच्याकडं बघून मनातल्या मनात णमोकार म्हणायचे. येत्या रविवारी सुपारी फुटायची. मुलाचे वडील सातगोंडा पाटील म्हणजे ऊस, केळी आणि शब्दाचा पक्का माणूस. व्यसनाचं नाव काढलेलं त्यांना खपत नाही, असं मध्यस्थानं पहिल्याच भेटीत बजावलं होतं.

आणि अण्णांना आतून एक वेगळीच भीती पोखरत होती. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नव्हती. तोंडातलं दुखणं बरं होत नाही म्हणजे काय असू शकतं, हे त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. तो एक शब्द वाचल्यावर त्यांनी मोबाइल उपडा ठेवला होता. मग धीर करून पुन्हा वाचलं, तेव्हा खाली दुसरं कारणही सापडलं. जीवनसत्त्वं कमी पडली तरी जीभ अशीच होते. अण्णांना केवढा आधार वाटला! कमी पडतात काय? मग वाढवू! त्यांनी सगळ्या गोळ्या दुप्पट केल्या. अमरसिंहानं हे ऐकून आणखी एक डबी दिली. जीभ आणखी लाल झाली, म्हणून अण्णांनी पावडरचा तिसरा चमचा सुरू केला. आगीत तेल ओतणाऱ्याला निदान ते तेल आहे हे माहीत असतं.

शेवटी त्यांनी दोन दिवस रजा घ्यायचं ठरवलं. रजेचा अर्ज हल्ली संगणकावर भरायचा असतो. कारणाच्या रकान्यात पर्याय होते ताप, अपघात, शस्त्रक्रिया, प्रसूती आणि इतर. अण्णांनी बराच विचार करून 'इतर' निवडलं. मुख्य कार्यालयानं अर्ज परत पाठवला, "इतर म्हणजे काय, खुलासा करावा." अण्णांनी लिहिलं, "जिभेस पुटकुळ्या." पुन्हा परत. "पुटकुळ्यांचा पुरावा जोडावा. छायाचित्र स्पष्ट असावे. त्यावर अर्जदाराची सही असावी."

सही कशावर करायची, हे त्यांनी कळवलं नव्हतं.

अण्णा रेकॉर्डच्या खोलीत गेले, कडी लावली, जुन्या फायलींच्या साक्षीनं जीभ पूर्ण बाहेर काढली आणि डोळे घट्ट मिटून स्वतःचा फोटो काढला. फोटो इतका स्पष्ट आला की त्यांनाच बघवेना. तेव्हा त्यांच्या मनात आलं, आपली मोना औषधातलीच आहे, तिला एकदा दाखवावा. त्यांनी मोबाइलवर 'मो' दाबलं, फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "बघ जरा. कसं वाटतंय? घरात कुणाला सांगू नकोस."

पाठवल्यावर त्यांनी नाव वाचलं. मोनाच्या बरोबर वरचं नाव होतं, 'मोठे पाव्हणे, कुरुंदवाड'.

माणसाच्या अंगातलं रक्त गोठतं म्हणतात ते खोटं आहे. ते खाली जातं. अण्णा खुर्चीवर बसले. आपण होणाऱ्या व्याह्यांना, डोळे मिटून, जीभ काढून, 'कसं वाटतंय' असं विचारलेलं आहे, आणि वर घरात सांगू नकोस म्हणून अरेतुरेनं दटावलेलं आहे, एवढं त्यांना हळूहळू उमगलं. त्यांनी घाईघाईनं निरोप पुसायला घेतला. मोबाइलनं विचारलं, सगळ्यांसाठी पुसू की फक्त तुमच्यासाठी? न वाचताच अण्णांनी जे दाबलं, त्यानं फोटो फक्त त्यांच्या मोबाइलवरून गेला. कुरुंदवाडात तो सुखरूप होता.

थोड्या वेळानं उत्तर आलं. एकच शब्द. "बरं."

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. आदिती त्यांच्या जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, रविवारी तुम्ही तो निळा शर्ट घाला हं." अण्णांनी मान हलवली. 'बरं' या शब्दाचे किती अर्थ होतात, त्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालला होता. बरं, समजलं. बरं, बघून घेतो. बरं झालं, आधीच कळलं.

दुसऱ्या दिवशी बँक उघडून थोडाच वेळ झाला होता. दारातनं पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि पांढऱ्या मिश्या असा एक उंच माणूस आत आला. हातात केळीचा घड होता. तो सरळ शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये शिरला, घड टेबलावर ठेवला, मागं वळून दार लोटलं आणि म्हणाला, "पावणं, जीभ दावा."

"अहो, गैरसमज..." अण्णा उठले. "को फोटो... मोकाला..."

"ऱ्हाऊ द्या. बोलू नगासा, तरास हुतोय," सातगोंडा म्हणाले. "आदी दावा."

अण्णांच्या लक्षात आलं की सुटका नाही. त्यांनी आपल्याच केबिनमध्ये, आपल्याच खुर्चीत, होणाऱ्या व्याह्यांपुढं जीभ काढली. सातगोंडांनी खिडकीच्या उजेडाकडं त्यांची हनुवटी वळवली, नीट पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"माझं थोरलं बंधू हुतं, आदगोंडा," ते म्हणाले. "गालात आतनं फोड आलता. कुनाला सांगितलं न्हाई. देवमाणूस हो, पर भिलं. 'बरं हुईल, बरं हुईल' म्हनत बसलं. आमाला कळलं तवा येळ गेलती. काल तुमचा फोटू आला. तुमी कुनाला पाठवत हुतासा, आन् चुकून मला आला, ते मला बघताच कळलं. पर वाचलं, घरात सांगू नगस. मग मला बसवंना. घरात सांगू नगस म्हनलासा, मी न्हाई सांगितलं. आमच्या मंडळीला पन न्हाई. पर येऊ नगस असं काय लिवलं नव्हतं."

भूपालअण्णांनी टेबलावरचा केळीचा घड उगाचच सरळ करून ठेवला.

"चला," सातगोंडा उठले. "बंधूंना बघत हुत्या त्या डॉक्टरीनबाई शाहूपुरीत हायत. नंबर लावूनच आलोय."

डॉक्टर पूर्णिमा तोंडाच्या आजारांच्या तज्ज्ञ होत्या, वयानं आदितीपेक्षा थोड्याच मोठ्या. त्यांनी अण्णांची जीभ कापडात धरून बाहेर ओढली, दिवा लावला आणि सगळे डॉक्टर करतात तसंच केलं. जीभ हातात असताना प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"किती दिवस झाले?"

"आं," अण्णा म्हणाले.

"तंबाखू? मावा?"

"आं! आं!"

"न्हाई म्हनत्यात," सातगोंडांनी भाषांतर केलं. "आन् खरं बोलत्यात. वास न्हाई, दात बी सोच्छ हायत. मी बँकेतच बघून घेतलं."

म्हणजे मिशीवाल्या पाव्हण्यांनी जिभेबरोबर दातही तपासले होते. बाजारात बैल बघतात तसं लग्न ठरवताना मुलीच्या बापाला कुणी बघितल्याचं अण्णांनी कधी ऐकलं नव्हतं. पण आता राग येण्याच्या पलीकडं ते गेले होते.

डॉक्टरांनी जीभ सोडली, मान चाचपली, गाल आतून बघितले. "काही औषधं चालू आहेत?"

"औषध काहीच नाही," अण्णांनी अक्षरं चुकवत कसंबसं सांगितलं. "ताकदीच्या गोळ्या फक्त."

"कुठल्या?"

अण्णांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. एक हात संपून ते दुसऱ्या हाताकडं वळले, तेव्हा डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरून सगळं मागवून घ्या. जसंच्या तसं."

म्हणजे अंजनाबाईंना फोन. अण्णांनी तो सातगोंडांकडं दिला. सातगोंडांनी तो परत अण्णांकडं दिला. "ह्ये तुमीच सांगायचं," ते शांतपणे म्हणाले.

"अगं, मी दवाखान्यात आहे," अण्णा अडखळत म्हणाले.

पलीकडून अंजनाबाई एवढंच म्हणाल्या, "कुठला?"

रिक्षातून त्या उतरल्या, त्यांच्यामागून पिशव्या घेऊन झुंबरबाई उतरल्या, आणि कॉलेजातून परस्पर आदिती आली. पावडरचा डबा पृथ्वीराजनं मोटारसायकलवर मांडीत धरून आणला, कारण तो रिक्षात झुंबरबाईंबरोबर मावेना. डॉक्टरांचं टेबल भरलं. थोडं सामान खुर्चीवर ठेवावं लागलं. डॉक्टर एकेक डबी उचलून पाठीमागचं वाचू लागल्या, आणि आदिती त्यांच्या शेजारी उभी राहून वाचू लागली. दोघींच्या भुवया एकाच वेळी वर गेल्या.

"बाबा," आदिती म्हणाली, "ह्या चारही डब्यांत तेच आहे. नावं फक्त वेगळी."

"आणि ह्या किती चघळता?" डॉक्टरांनी संत्र्याच्या गोळ्या हलवून विचारलं.

"एकच," अण्णा म्हणाले. मग झुंबरबाई आपल्याकडं बघतायत हे पाहून त्यांनी घाईनं पुढं जोडलं, "एका वेळी."

डॉक्टर हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. "हे बघा काका. ह्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. जीभ दुखायला कारणं पुष्कळ असतात. पण दिवसभर तोंडात आंबट गोळी म्हणजे जीभ लिंबात मुरत घातल्यासारखं झालं. त्यात ही जीवनसत्त्वं कितीतरी पट जास्त पोटात जातायत. कमी पडली तर दुखतं हे तुम्ही मोबाइलवर वाचलं असेलच, जास्त झाली तरी त्रास होतो हे खाली कुठंतरी लिहिलं असेल. दालचिनीही काहींना सोसत नाही. तेव्हा सगळं बंद. रक्त तपासू. तिखट, गरम, आंबट नको. तीन आठवड्यांनी या. तेव्हाही राहिलं तर तुकडा काढून तपासू."

"आणि..." अण्णांचा आवाज बारीक झाला. "ते दुसरं काही...?"

"आत्ता मला तसं काही दिसत नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "घाबरण्यासारखं काही दिसत नाही. आलात ते बरं केलंत."

अण्णांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसायला घेतला आणि चष्म्याऐवजी डोळेच पुसले. पृथ्वीराज भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडं बघत राहिला. सातगोंडांनी टोपी डोक्यावर घातली आणि पावडरचा डबा उचलून पाहिला. "ह्यो म्हशीला घातला तर चालंल का हो?"

"नको," डॉक्टर म्हणाल्या. "म्हशीची जीभ मला बघता येणार नाही."

बाहेर आल्यावर अंजनाबाईंनी एकच गोष्ट विचारली. तोवर फोटोची हकीकत सातगोंडांनी त्यांना सांगितली होती. "घरात कुणाला सांगू नकोस, असं लिहिलंत. घरात म्हणजे कोण? घरात मीच आहे ना?"

"तुला कशाला काळजी, म्हणून..."

"मग माझ्याकडं काळजीशिवाय दुसरं काय काम ठेवलंय तुम्ही?" त्या म्हणाल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या. अण्णा शेजारी बसले. घर येईपर्यंत त्यांनी अण्णांचा हात सोडला नाही. समोरच्या आरशातून रिक्षावाला बघत होता, तरीही सोडला नाही.

रविवारची सुपारी पुढं ढकलावी का, असं अण्णांनी विचारलं, तर कुरुंदवाडहून उत्तर आलं, "सुपारी अडकित्त्यानं फुटतीया, जिभंनं न्हाई. आमी येतोय." मंडळी आली. अण्णांनी निळा शर्ट घातला. स्वागताचं भाषण त्यांनी आठवडाभर मनात घोळवलं होतं, पण उभं राहिल्यावर पहिल्याच 'न'ला अडखळले. तेव्हा सातगोंडा शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आमचं इवाय म्हनत्यात, समद्यांचं स्वागत हाय. आन् त्यास्नी लई आनंद झालाय. हे मी माझ्या पदरचं सांगत न्हाई, त्यांचं तोंड बघा." सगळे हसले. जिनेंद्र आणि आदितीही हसली, एकमेकांकडं बघून. अण्णांनी तेवढ्यातच मनापासून एक णमोकार उरकून घेतला.

जीभ सावकाश निवत गेली. एक दिवस त परत आला, दोन-तीन दिवसांनी थ आणि द आले, आणि तिसऱ्या आठवड्यात अण्णांनी त्या कर्जदाराला बोलावून 'थकीत' हा शब्द स्पष्ट उच्चारला, तेव्हा दोघांनाही वाईट वाटलं. डॉक्टरांनी जीभ पाहून पाठ थोपटली. तुकडा काढायची गरज उरली नव्हती. गंमत म्हणजे एवढ्या डब्या रिचवूनही रक्तात एक जीवनसत्त्व खरोखर थोडं कमी होतं, त्यासाठी त्यांनी एक साधी गोळी लिहून दिली, ती आठवड्यातनं एकदा.

बरं वाटल्यावर अण्णांनी ठरवलं, सगळ्यांचे आभार मानायचे. त्यांनी पेढे घेतले आणि निघाले. झुंबरबाई म्हणाल्या, "बगा, जाईच्या पानानं गुन आला का न्हाई?" अण्णा म्हणाले, "आला." पृथ्वीराज म्हणाला, "काका, अंगात पावडर मुरली हुती म्हणून टिकलासा. दुसरा असता तर आडवा झाला असता." अण्णा म्हणाले, "खरं आहे." अमरसिंह आधी ओशाळला, मग पेढा तोंडात टाकून म्हणाला, "साहेब, गोळ्यांनीच सगळी उष्णता बाहेर काढली. आता आयुष्यभर बघायला नको." अण्णांनी त्यालाही हो म्हटलं. जिभेला पुन्हा पुटकुळी यायचा धोका पत्करून ते इतकं खोटं बोलले, पण परत येताना त्यांचं मन भरून आलं होतं. उपाय सगळे चुकले असतील. पण आपल्या जिभेसाठी इतकी माणसं धावली, कुणी पान घेऊन, कुणी डबा घेऊन, कुणी केळीचा घड घेऊन कुरुंदवाडहून. एवढी श्रीमंती आपल्या नावावर आहे, हे बँकेत इतकी वर्षं काढूनही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

सूर्य मावळायला थोडा वेळ होता. अंजनाबाईंनी पानं घेतली. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि ताटाच्या डाव्या कोपऱ्यात, किती दिवसांनी, कारळ्याची तिखटजाळ चटणी. अण्णांनी भीतभीत बोट लावून जिभेवर ठेवलं. झणझणीत लागली. नुसती झणझणीत, दुखली नाही. त्यांनी तृप्तीनं डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा समोर अंजनाबाई हुसहुस करत होत्या. त्यांच्या नाकाडोळ्यातून पाणी वाहत होतं. या बाईला हिरवी मिरची काकडीसारखी खाताना अण्णांनी आयुष्यभर बघितलं होतं.

"काय झालं? तुलाही पुटकुळ्या आल्या की काय?"

"नाही हो. सवय मोडली," त्या पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "इतके दिवस तिखट कुठं खाल्लं?"

"तू का नाही खाल्लंस? तुला कुणी सांगितलं होतं?"

"दोन वेगळ्या भाज्या कोण करणार?" अंजनाबाई म्हणाल्या आणि पुन्हा एक घास घेऊन हुसहुस करू लागल्या. "आणि तुम्ही समोर बसून दूधभात गिळताय म्हटल्यावर, मला मेलीला चटणी गोड लागली असती होय?"

अण्णा तिच्याकडं बघत राहिले. इतके दिवस दोन्ही वेळा ते तिच्यासमोर बसूनच जेवले होते. तिच्या ताटात काय आहे, हे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. पेढे सगळ्या वसाहतीत वाटून झाले होते आणि पुडा रिकामा घेऊन ते घरी आले होते.

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. सगळी अक्षरं जागेवर होती, पण त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. मग ते उठले, आयुष्यात फारसे न शिरलेल्या स्वयंपाकघरात गेले, दह्याचं भांडं शोधायला त्यांनी तीन कपाटं उघडली, आणि आतून ओरडले, "अगं, थांब, पाणी पिऊ नकोस! दही आणतो! दही कुठं ठेवलंयस?"

"फ्रीजमध्ये," अंजनाबाई रडतरडत हसत म्हणाल्या. "रोज तिथंच ठेवते."